आतला कोबा बाहेर

स्वानंदी आबिटूर, म्हणजे जर्मनीतली बारावी, पास झाली आणि तिच्या आजीने रोलेटर धरला, ते वर्ष दोन हजार चोवीस. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच उन्हाळ्यात झाल्या. नातीच्या हातात सर्टिफिकेट आलं आणि आजीच्या हातात ढकलायची चार चाकांची गाडी.

शुभदाबाई जानेवारीत घरासमोरच्या वाटेवर पडल्या होत्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, दोन महिने दवाखान्यात आणि व्यायामाच्या केंद्रात गेले. आता घरात त्या भिंतीच्या आधाराने चालत आणि बाहेर रोलेटर घेत. पण दारापासून फाटकापर्यंतच्या बारा मीटरांत रोलेटर तीनदा अडकायचा, कारण वाट फुटली होती.

ती वाट त्यांच्या नवऱ्याने, श्रीपादअण्णांनी घातली होती. दोन वर्षांपूर्वी, गौरींच्या आधी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. सोलापुरात चाळीस वर्षं ते कोब्याचे मिस्त्री होते, घरातल्या जमिनी सिमेंटने घोटायचे. लाल कोबा घोटावा तर श्रीपाद मिस्त्रीनंच, असं लोक म्हणायचे. खाली वाकलं तर तोंड दिसावं, असा तो नितळ असे. मुलाकडे, राजनकडे, न्युरेम्बर्गजवळच्या या गावात राहायला आल्यापासून त्यांचे हात रिकामे होते. वाटेचं काम निघालं तेव्हा ते म्हणाले, मी असताना दुसरा कशाला?

वाट लाल झाली. दोन्ही कडांना कुयऱ्यांचे ठसे उमटले. ठसे अण्णांनी स्वतः लाकडातून कोरले होते. आणि मधोमध, फाटकापासून दारापर्यंत, शुभदाबाईंची पावलं. गौरी घरात आणताना दरवर्षी त्या कुंकवाची पावलं काढायच्या आणि इथला पाऊस ती संध्याकाळच्या आत धुऊन न्यायचा. म्हणून अण्णांनी ओल्या सिमेंटात बायकोचीच पावलं कायमची उमटवून घेतली होती.

कायमची म्हणजे दोन हिवाळे. त्या पावलांत पाणी साचलं, गोठलं, फुगलं. वरचा लाल थर पापुद्र्यांनी सुटला. आता पावलांपैकी कुठे एक टाच उरली होती, कुठे दोन बोटं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी राजनने सगळ्यांना अंगणात बसवलं. धाकटी बहीण नीना बर्लिनहून गणपतीसाठी आठवडाभर आधी आली होती. राजनची बायको सरिता हिने चहा आणला. स्वानंदी गवतावर पालथी पडून फोन बघत होती.

“आल्झो, तर मग,” राजन म्हणाला. तो कंपनीत इंजिनीअर होता आणि घरातही मीटिंग घ्यायचा. “सोमवारी माणसं येतायत. मशीनने फोडून अर्ध्या दिवसात सगळं घेऊन जातील. मग पेव्हर ब्लॉक. सगळ्या गल्लीत तेच आहेत.”

“सगळ्या गल्लीत तेच आहेत,” अण्णा म्हणाले, “मग आपल्याकडेही तेच. बरं.”

“अण्णा, तुम्ही ‘बरं’ म्हणालात की मला भीती वाटते.”

“दुरुस्ती होईल. वरून अर्धा इंच थर दिला की झालं.”

“मागच्या उन्हाळ्यात दिला होता तुम्ही थर. फेब्रुवारीत तोही सुटला.”

अण्णांनी चहाची बशी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

“दादा, अरे, आईच्या पावलांवर मशीन चालवणार तू?” नीना म्हणाली.

“मग काय करू? पावलं सांभाळू आणि आईला परत पडू देऊ? तू बर्लिनला असतेस. ती रात्र मी दवाखान्याच्या खुर्चीत काढलीय.”

 शुभदाबाई रोलेटरच्याच सीटवर बसून भेंडी चिरत होत्या. त्यांचा नवरा त्यांच्याकडे बघत होता आणि त्या भेंडीकडे बघत होत्या.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे क्राउस आले. बहात्तर वर्षांचे. पस्तीस वर्षं काँक्रीटच्या कारखान्यात काढलेली. अण्णांना जर्मन येत नव्हतं आणि क्राउसना मराठी येत नव्हतं, तरी दोघे रोज अर्धा तास बोलत. क्राउस अण्णांना ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद, म्हणत. अण्णा त्यांना ‘काय क्राउस’ म्हणत. वाट घातली तेव्हा मिक्सरची गाडी त्यांनीच ओळखीच्या कारखान्यातून आणवली होती.

क्राउस गुडघ्यावर बसले. वाटेवर बोट फिरवलं. एक पापुद्रा काढून उलटा करून पाहिला. मग कडेच्या कुयऱ्या पाहिल्या. त्या अजून शाबूत होत्या. ते स्वानंदीला काहीतरी म्हणाले.

“आजोबा,” स्वानंदी म्हणाली, “ते म्हणतात, मीठ.” पुढचं मराठीत जमेना म्हणून तिने जर्मनमध्ये सांगितलं, ते राजनने मराठीत केलं: कडा चांगल्या आहेत आणि चालायच्या जागी, पावलांभोवती देवीच्या वणासारखे खड्डे आहेत. म्हणजे कोणीतरी बर्फावर हाताने मीठ टाकलंय. आणि एकदा नाही, रोज.

“मीठ?” अण्णा म्हणाले. “मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. नव्या वाटेवर मीठ नाही. खडी टाका, राख टाका.”

नीनाने सरिताकडे पाहिलं. सकाळी सर्वांत आधी घराबाहेर पडणारी सरिता. सहा चाळीसची एस-बान, म्हणजे लोकल, पकडायची म्हणून हिवाळ्यात अंधारात निघणारी.

“वहिनी?”

सरिताच्या डोळ्यांसमोर डिसेंबरमधली एक सकाळ आली. बाथरूमच्या खिडकीतून तिने खाली पाहिलं होतं. अंगात राजनचं जुनं जाकीट, डोक्यावर शाल, पायात मोजे आणि वर चपला. सासूबाई मिठाचा पुडा घेऊन एकेक पाऊल टाकत, पेरणी करावी तसं मीठ टाकत चालल्या होत्या. सरिता तेव्हा बोलली नव्हती. आणि आता सगळे तिच्याकडे बघत असताना शुभदाबाईंची सुरी भेंडीत थांबली होती.

“मी टाकलं,” सरिता म्हणाली. “घसरायला व्हायचं.”

“अगं, पण सांगितलं होतं ना अण्णांनी! त्यांनी जीव ओतला होता त्यात. तुला काय, एक पुडा उघडला आणि…”

“नीना,” राजन म्हणाला, “पुरे.”

 सुनेला अण्णांनी चोवीस वर्षांत कधी बोल लावला नव्हता. ते उठले आणि गराजमध्ये गेले. तिथे त्यांच्या थाप्या होत्या.

*

स्वयंपाकघरात शुभदाबाईंनी रोलेटर ओट्याला टेकवला आणि त्याच्या सीटवर बसल्या.

“सरिता, खोटं कशाला बोललीस?”

“आई, बटाटे किती घेऊ?”

“बटाटे गेले खड्ड्यात. तू मला बघितलं होतंस.”

सरिताने नळ बंद केला. “हो.”

“मी पण,” टेबलाशी बसलेली स्वानंदी म्हणाली. एरवी जर्मनमध्ये उत्तर देणाऱ्या तिने हे मराठीत सांगितलं, म्हणून दोघी वळून तिच्याकडे बघू लागल्या.

“तुला कसं कळलं?”

“आजी, तू माझ्या खिडकीखालीच होतीस. आणि बाबाला पण मीठ संपतंय ते दिसायचं. त्याला वाटायचं, आपण लोणचं घालतोय. आठवड्याला दोन किलो मीठ!”

शुभदाबाईंना हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं.

“तुझे आजोबा रोज सातला ब्रोट, पाव आणायला निघतात,” त्या म्हणाल्या. “थंडी असो, वारा असो. बेकरीतली बाई त्यांना ‘गुटन मॉर्गन’ म्हणते, म्हणून. आणि ती वाट म्हणजे आरसा. वरून पहाटेचा बर्फ. मी काय सांगू त्यांना? तुमचा कोबा निसरडा आहे? पन्नास वर्षं त्यांच्या कोब्याची स्तुती ऐकत आले मी. असं बोलले असते तर दोन दिवस जेवले नसते.”

“आणि म्हणून तुम्ही…”

“त्यांच्या आधी उठायचं, टाकायचं, परत येऊन झोपायचं. एवढंच.”

सरिताच्या मनात एक गोष्ट हळूच जागेवर बसली. ती खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसली.

“आई, जानेवारीत तुम्ही पडलात तेव्हा चिमण्यांना दाणे टाकायला गेला होतात ना?”

शुभदाबाई ओट्यावरचं पीठ बोटाने गोळा करू लागल्या.

“आई.”

“उणे नऊ होतं गं. चिमण्या कुठल्या त्या थंडीत?”

 नीना दारात उभी होती. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी मघाशी…”

“बटाटे सोल,” सरिता म्हणाली. “तिथे सुरी आहे.”

नीनाने सुरी घेतली. दोन बटाटे सोलून झाल्यावर ती म्हणाली, “मी मूर्ख आहे.”

“गेनाऊ, बरोब्बर,” सरिता म्हणाली आणि तिसरा बटाटा तिच्याकडे ढकलला.

शुभदाबाई मात्र उठल्या. “मला गराजमध्ये जायचंय.”

“मी येते,” सरिता म्हणाली.

“नको. नवरा माझा आहे.”

*

अण्णा रिकाम्या पोत्यावर बसून लोखंडी थापीला तेल लावत होते. बाहेर चाकं खडखडली, अडकली, परत खडखडली. कोण येतंय ते त्यांना कळलं. उठून हात द्यावा असं वाटलं. पण त्या स्वतःच दारात पोचल्या.

“अहो, ते मीठ माझं.”

अण्णांचा हात थांबला.

“सरिताने माझं आपल्या अंगावर घेतलं. तुम्ही घसराल म्हणून मी टाकायचे. दोन्ही हिवाळे.”

“मला सांगायचं नाही?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

अण्णांनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. “नाही.”

शुभदाबाई सीटवर बसल्या. आता उरलेलंही सांगून टाकावं असं त्यांनी ठरवलं. “आणि पडले तेही मीठ टाकतानाच.”

“चिमण्या?”

“चिमण्या नव्हत्या.”

अण्णांनी थापी उलटी करून पाहिली. मीठ वगैरे सगळं बाजूला सरलं. त्यांना दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस दिसू लागला. गाडीतून काँक्रीटचा माल उतरला होता. क्राउसनी मुठीत धरून त्यांना तो दाखवला होता, फुंकर मारून, बोटांची चिमूट करून. त्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, त्याला आत जायला जागा लागते, ती जागा हे बुडबुडे देतात. हे अण्णांना तेव्हाच कळलं होतं. कळलं आणि पटलं नाही. त्यांनी वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि थापी फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा, चकाकी येईपर्यंत. क्राउस हात वर करून म्हणत होते, पुरे, माइस्टर, पुरे.

“मला वाटलं, तो दमला,” अण्णा म्हणाले.

“कोण?”

“क्राउस. पुरे पुरे म्हणत होता. मला वाटलं, याला घोटाई येत नाही, म्हणून पुरे म्हणतोय. मी सगळी हवा दाबून काढली गं. वरचं तोंड बंद केलं. मीठ नसतं तरी वाट सुटली असती. जरा उशिरा, एवढंच.” त्यांनी थापी पोत्यावर ठेवली. “आतला कोबा मी बाहेर घातला. सोलापूरचं घर इथल्या अंगणात आणून ठेवलं आणि तुझा खुबा मोडला.”

“खुबा माझ्या चपलेने मोडला.”

“उगाच माझी बाजू घेऊ नकोस.”

“मग कुणाची घेऊ? क्राउसची?”

अण्णा हसले नाहीत, पण त्यांचा खांदा हलला. शुभदाबाईंना तेवढं पुरलं. त्यांनी रोलेटरच्या टोपलीतून डबा काढला आणि त्यांच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. गणपतीसाठी केलेले लाडू आधी कोणी खायचे नाहीत, हा त्यांचाच नियम होता.

जेवायच्या आधी अण्णा राजनसमोर उभे राहिले.

“मशीन येऊ दे सोमवारी.”

राजन वादाच्या तयारीत होता. पण अण्णांचं अजून संपलं नव्हतं.

“पण ते पेव्हरचे ठोकळे नकोत. वाट मी घालीन.”

“अण्णा, परत तेच? तुमचं वय…”

“मी सांगीन, तू ओढशील. क्राउस बघेल. तो पुरे म्हणाला की मी थांबेन.” मग ते म्हणाले, “माझी चूक माझ्या हाताने निस्तरू दे, राजा. पुन्हा फुटली तर तुझे ठोकळे.”

राजनने आईकडे पाहिलं. चालायचं तिला होतं.

“माझ्या पावलांचं काय?” शुभदाबाईंनी विचारलं.

“वाटेवर नाहीत. वाटेवर खळगा नको. दारापुढच्या छपराखाली घेऊ. तिथे पाणी येत नाही.”

“मग चालेल,” शुभदाबाई म्हणाल्या, आणि राजनने फोन काढून ठोकळ्यांची ऑर्डर थांबवली.

*

सोमवारी फोडायचं मशीन आलं तेव्हा अण्णांनी पहिला घाव स्वतः घातला. मशीनने नव्हे, हातोडीने. शेवटच्या उरलेल्या टाचेच्या शेजारी. मग बाजूला झाले.

गुरुवारी गाडी आली. या वेळी माल पसरल्यावर अण्णांनी लाकडी रंध्याने, मुठीच्या सपाट फळीने, तो नुसता सारखा केला. मधे उंच, दोन्ही कडांना ढाळ, पाणी थांबायला जागाच नको. दर दीड मीटरवर सांधा. लोखंडी थापी त्यांनी गराजमध्येच ठेवली होती. तरी त्यांचा उजवा हात अधूनमधून कमरेकडे जायचा, थापी असायची त्या जागी.

“आता खराटा,” ते म्हणाले.

राजनने लांब दांड्याचा खराटा घेतला. लहानपणी तो बापाच्या कामावर डबा घेऊन जायचा, पण मालाला हात लावू दिला जात नसे. तू पुस्तक धर, असं अण्णा म्हणायचे. आता अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तो ओल्या काँक्रीटवरून खराटा ओढत होता आणि रेघ वाकडी येत होती.

“दाबू नको. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतोस तसं.”

“मला मांजर आवडत नाही, अण्णा.”

“मग बायकोच्या.”

“अण्णा!” सरिता खिडकीतून ओरडली.

अण्णांनी राजनच्या हातावर हात ठेवला. एक चौकोन आडव्या रेघांचा, शेजारचा उभ्या रेघांचा. पुन्हा आडवा, पुन्हा उभा. चार ओळी झाल्यावर राजनला दिसलं, ही तर चादर! आईच्या माहेरी मागावर विणायचे तसे चौकोन. रंग साधा विटकरी, चकाकी अजिबात नाही, बोट फिरवलं तर खरखरीत. पण तिरपं ऊन पडलं की एक चौकोन उजळायचा आणि शेजारचा सावलीत जायचा.

अण्णांना अजून एक हात द्यावासा वाटला. एका चौकोनाच्या कोपऱ्यात जरा उंचवटा होता.

“गेनुग, माइस्टर,” क्राउस म्हणाले. पुरे.

अण्णांनी हात मागे घेतला.

मग छपराखालचा तुकडा. शुभदाबाईंना खुर्चीत बसवलं, खुर्ची फळीवर. सिमेंट कातडी खातं म्हणून नीनाने त्यांच्या पायांना खोबरेल चोळलं आणि वरून फ्रीजरच्या पातळ पिशव्या चढवल्या. अण्णा गुडघ्यावर बसले, त्याला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी बायकोचा घोटा धरला आणि पाऊल हळूच ओल्या मालावर टेकवलं.

“गुदगुल्या होतायत.”

“हलू नकोस. बोटं पसरायची राहतील.”

“सगळे बघतायत हो.”

“बघू देत. पन्नास वर्षांत तुझे पाय धरले नव्हते, आज सगळं फेडून टाकतो.”

उजवं पाऊल सरळ उमटलं. डावं ऑपरेशननंतर बाहेरच्या बाजूला वळलं होतं. ते सरळ करायला गेले तर शुभदाबाईंना कळ आली.

“राहू द्या वाकडंच,” त्या म्हणाल्या. “आत्ता जसं आहे तसं.”

अण्णांनी ते वाकडंच उमटवलं. कडा बोटाने साफ केल्या. मग कोणी न सांगताच थांबले.

मंगळवारी गौरी आल्या. मुखवटे सुपात घेऊन नीना फाटकापासून निघाली, शेजारी स्वानंदी ताट वाजवत. त्यांच्या पुढे शुभदाबाई रोलेटर ढकलत होत्या. बारा मीटर. चाक कुठेही अडकलं नाही. दारात सरिता हळदीकुंकू घेऊन उभी होती. रीतीप्रमाणे तिने विचारलं, “गौर आली, कशाच्या पावलांनी आली?”

सोन्याच्या पावलांनी, असं उत्तर द्यायचं असतं. स्वानंदीला ते पाठ होतं.

“रोलेटरच्या पावलांनी,” तिच्या आधी शुभदाबाईच म्हणाल्या.

कुंपणापलीकडे क्राउसना सगळे कशाला हसतायत ते कळलं नाही, तरी तेही हसले. अण्णा सगळ्यांच्या मागून येत होते. ते खाली बघत होते, चौकोनांवरून, ओल्या गवतातून आलेल्या चाकांचे माग कसे गेलेत ते.

तो हिवाळा फार कडक होता असं नाही, पण रोज रात्री गोठायचं आणि दुपारी वितळायचं. काँक्रीटला तेच जास्त बाधतं. सरिता सहा चाळीसच्या गाडीसाठी निघताना वाटेवर बारीक खडी टाकायची, श्प्लिट. आठवड्याला दोन किलो मीठ आता संपत नव्हतं. अण्णा सातला ब्रोट आणायला जात आणि शुभदाबाई पांघरुणात पडून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत. खरखर, खरखर, मग फाटक. पूर्वीच्या वाटेवर आवाज येत नसे. मार्चच्या सुरुवातीला क्राउसनी गुडघ्यावर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. एकही पापुद्रा सुटला नव्हता. त्यांनी टोपी काढून अण्णांपुढे मान झुकवली.

श्रीपादअण्णा मंगळवारी, अकरा मार्च दोन हजार पंचवीसला, सकाळी साडेसातच्या सुमारास, ब्रोट घेऊन परत आल्यावर छपराखालच्या बाकावर बसले असताना वारले.